काळ्या टोळीची नवरी

"परत एकदा," हे म्हणाले. "तीळगूळ देताना तुझा हात मध्ये येतोय. जरा वर धर आणि हस."

मी हात वर धरला आणि हसले. डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार, दंडात हलव्याच्या वाक्या, अंगावर काळी चंद्रकळा आणि मानेवरून साखरेचा माग काढत निघालेली एक मुंगी. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेनं साखरेनं नटून बसायचं असतं. हलायचं नसतं, आणि मुंगी चावली तरी लाजल्यासारखं दाखवायचं असतं.

'परत एकदा' हा आमच्या यांचा जपमंत्र होता. उमाकांत शेवाळे म्हणजे शेवाळे व्हिडिओ शूटिंग. जयसिंगपुरातली निम्मी लग्नं यांच्या कॅमेऱ्यासमोर लागायची. आमच्या स्वतःच्या लग्नात मंगळसूत्र बांधता बांधता यांनी शूटिंगच्या पोराला विचारलं, "मिळालं का?" तो म्हणाला, "नाही, भटजी मध्ये आले." झालं. यांनी मंगळसूत्र सोडलं आणि परत बांधलं. म्हणून मी एकाच माणसाशी दोनदा लग्न केलेली बाई आहे. एकदाच केलं असतं तर सुटायला सोपं गेलं असतं, असं मी गमतीनं म्हणते. अगदीच गमतीनं नाही.

लग्नसराई संपली की हे पत्रकार व्हायचे. गावातल्या केबलवर 'करडी नजर' नावाचं चॅनेल होतं, त्याला बातम्या द्यायचे. शिवाय दिल्लीकडच्या एका हिंदी चॅनेललाही अधूनमधून काहीबाही पाठवायचे, पण तिथं यांचं काही लागलं नव्हतं. दोन तोंडांचं वासरू पाठवलं, तेही परत आलं.

त्या दिवशी हळदीकुंकवाला गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. पॉलिटेक्निकच्या प्राचार्यांच्या मिसेस, हुपरीकर वहिनी, मधल्या खुर्चीवर बसल्या होत्या. फौजदारीणबाई होत्या. सासूबाई प्रत्येकीला मुकुट दाखवून सांगत होत्या, "इकतचा न्हाई हं. घरात केलाय. काटा बगा कसा आलाय हलव्याला." खसखशीवर थेंब थेंब पाक घालून मंद आचेवर बोटांनी फिरवत बसायचं, तेव्हा त्या दाण्याला काटा येतो. सासूबाईंच्या बोटांची सालं गेली होती, आणि त्या सालांचंही त्यांना कौतुक होतं.

मी मात्र सारखी दाराकडं बघत होते. माझा धाकटा भाऊ निनाद यायचा होता, माहेरचा तीळगूळ घेऊन. आला नव्हता. आणि नुसत्या तीळगुळाची काळजी असती तर मी निवांत मुंगी चावून घेतली असती. सोमवारी निनादचं त्याच पॉलिटेक्निकमधून नाव काढायचं की नाही ते ठरणार होतं. शेवटचं वर्ष होतं त्याचं. आणि हे सगळं माझ्या नवऱ्याच्या एका बातमीमुळं झालं होतं.

निनादचा केसांचा घोस पाठीवर रुळायचा. तो आणि त्याचे तीन मित्र बंद पडलेल्या तेलगिरणीच्या शेडमध्ये गाणं वाजवायचे. गाणं म्हणजे ते त्याला गाणं म्हणायचे. निनादच्या नरड्यातून असा आवाज निघायचा की कुत्रं अंगण बदलायचं. ड्रम लग्नाच्या बँडवाल्याकडून मागून आणलेले, आणि शब्द एसटी स्टँडवरच्या घोषणांचे. 'फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी' हे वाक्य तो पोटातून असं काढायचा की ती गाडी थेट यमलोकी जाते असं वाटावं. बँडचं नावच 'फलाट नंबर चार'. चौघांचे काळे टीशर्ट होते, त्यावर घरीच छापलेली कवटी. शाई पसरल्यामुळं ती चोखलेल्या आंब्याच्या कोयीसारखी दिसायची. असला सगळा सैतानी कारभार.

यांनी तो संध्याकाळी लांबून शूट केला. गिरणीच्या दारात कुणीतरी टाकलेलं लिंबू पडलं होतं, तेही घेतलं. रात्री 'करडी नजर'वर लाल अक्षरं झळकली: 'जयसिंगपुरात सैतानाचे पुजारी?'

"ते प्रश्नचिन्ह कशाला?" मी विचारलं.

"प्रश्नचिन्ह टाकलं की केस होत नाही," हे म्हणाले. "आपण म्हणत नाही, नुसतं विचारतोय."

टीव्हीवर चार पोरं होती, चेहरे धूसर केलेले. त्यातलं एक डावा पाय जरा ओढत चालत होतं. लहानपणी तो पाय मीच सायकलवरून पाडून मोडला होता.

"अहो, हा निनाद आहे!"

यांनी टीव्हीकडं बघितलं, मग माझ्याकडं. चेहरा पडला. पण क्षणभरच. "चेहरा ब्लर केलाय की," हे म्हणाले.

भावाला ओळखायला बहिणीला चेहरा लागत नाही, आणि गावाला तर काहीच लागत नाही. दुसऱ्या दिवशी चारही घरांची नावं चहाच्या टपरीवर तोंडपाठ होती. आठवड्याभरात गावात काळ्या रंगाची अशी धास्ती पसरली की विचारू नका. कापडवाल्यानं काळे टीशर्ट आत ठेवले. कॉलेजनं काळ्या कपड्यांवर बंदी घातली आणि पोरांच्या दंडावर गोंदलंय का ते शिपायाकडून तपासून घेतलं. एकाच्या दंडावर सापडलं. 'आई' असं लिहिलेलं होतं, तरी त्याला समज दिली. माझ्या माहेरी आईनं काळी छत्री माळ्यावर टाकली. आणि कॉलेजात सोमवारी कमिटी बसायची ठरली.

निनाद संक्रांतीच्या आदल्या दिवशी आमच्याकडं आला होता. आत आला नाही, दारातच चपलेशी चाळा करत उभा राहिला.

"दाजी, कमिटीपुढं काय सांगू? आम्ही नुसतं वाजवतोय हो. तुम्ही एकदा सांगा ना बातमीत."

"बातमी मागं घेता येत नाही रे," हे म्हणाले. "पण तुमची बाजू दाखवतो. पत्रकारितेत दोन्ही बाजू घ्याव्या लागतात. उद्या सकाळी सगळे शेडमध्ये या, टीशर्ट घालून. मी बाईट घेतो."

"टीशर्ट घालून?"

"मग लोकांना कळणार कसं तुम्हीच ते म्हणून?"

निनादनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "जा. तुझे दाजी आहेत ते, परके का आहेत?" त्याला बरं वाटलं. मलाही वाटलं.

आणि आज संक्रांत सरत आली तरी त्याचा पत्ता नव्हता. मी यांना दोनदा विचारलं. हे कॅमेऱ्यात डोळा घालून म्हणाले, "झालं की सकाळी सगळं व्यवस्थित. येईल. तू हस."

बायका गेल्या. हे कॅमेरा टीव्हीला जोडून फोनवर बोलायला अंगणात गेले. सासूबाई टीव्हीसमोर मांडी घालून बसल्या. "लाव गं, मुकुट कसा दिसतोय बघू."

मी कॅसेट मागं फिरवली. जरा जास्तच मागं गेली. पडद्यावर तेलगिरणीचं शेड आलं.

चार पोरं काळ्या टीशर्टात रांगेत उभी होती. निनाद काहीतरी समजावून सांगत होता, हात हलवत, अगदी मन लावून. तेवढ्यात उजवीकडून दहाबारा माणसं आत शिरली. पुढं संस्कार रक्षण मंचाचे आप्पा खोत, गालात मावा, हातात शिंप्याची कात्री. ही दुसरी बाजू होती. दोघांनी निनादचे हात धरले. त्यानं कॅमेऱ्याकडं बघितलं. "दाजी," असं म्हणाला. आप्पानं मूठभर केस धरून कात्री चालवली.

मग कॅमेऱ्याच्या मागून आवाज आला. ओळखीचा आवाज, मी रोज ज्याच्यासाठी भाकरी टाकत होते त्याचा.

"आप्पा, परत एकदा. कात्री फ्रेममध्ये आली नाही."

आणि आप्पानं परत एकदा केलं. या वेळी निनादनं मान हलवली नाही.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "अगं बया," एवढंच म्हणाल्या.

हे आत आले. पडदा बघितला, मला बघितलं. मी अजून मुकुटातच होते. अंगावर एवढी साखर घेऊन इतकं कडू मी आयुष्यात कधी बोलले नसेन.

"तुम्ही कात्री बोलावलीत?"

"मी बोलावलं नाही. मी फक्त आप्पाला वेळ कळवली. त्यांचीही बाजू घ्यायला नको?"

"आणि परत एकदा कशाला म्हणालात?"

"अगं, सवयीनं तोंडात आलं. आणि मी नसतो तर त्या लोकांनी डोकी फोडली असती. कॅमेरा होता म्हणून केसांवर निभावलं. केस काय, परत येतील."

"कमिटीला काय दिसणार यात?"

"जनक्षोभ," हे म्हणाले. मग आवाज खाली आणून, पण आनंद लपवता न येऊन: "दिल्लीचा फोन होता. उद्या सातचा स्पेशल. कॅसेट आत्ताच्या गाडीनं कोल्हापूरला जायला पाहिजे, तिथून दिल्लीवाले उपग्रहावरून ओढून घेतात."

"त्यात माझी संक्रांत आहे."

"कापायला वेळ नाही. तिकडं कापतील. शिकलेली माणसं बसलीत तिथं, त्यांना काय कळत नाही?"

आणि कॅसेट गेली.

दुसऱ्या दिवशी मी माहेरी जाऊन आले. निनाद खोलीचं दार उघडेना. आई म्हणाली, जेवला नाही. मी दाराबाहेरून बोलत राहिले, तो आतून हूं का चूं करत नव्हता. परत आले तेव्हा सात वाजायला आले होते आणि आमच्या घरात अर्धी गल्ली जमली होती. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. चॅनेल यांना फोनवरून थेट प्रश्न विचारणार होतं.

पडद्यावर वीज कडाडली. एक बाई किंचाळली. ढगातून अक्षरं आली: 'शैतान की दुल्हन'.

आणि मग मी आले.

मीच. हळूहळू, एका सेकंदाचे दहा करून, मुकुटासकट मान वर उचलत. निवेदक घोगऱ्या आवाजात सांगत होता, 'काले लिबास में यह रहस्यमयी दुल्हन! सिर पर हड्डियों का मुकुट! गले में हड्डियों की माला!' काट्यांचा हलवा इतक्या जवळून दाखवला की मलाही क्षणभर शंका आली. माझ्या कपाळाच्या कुंकवाभोवती लाल वर्तुळ फिरलं: 'ताज़ा ख़ून?' प्रश्नचिन्ह तिथंही होतं, केस होऊ नये म्हणून. माझ्या हातातल्या तिळाच्या लाडवाला बाण दाखवला होता: 'नशे की गोलियाँ?' वाण म्हणून दिलेल्या स्टीलच्या वाट्या म्हणजे बळीची भांडी. आणि मधल्या खुर्चीवर बसलेल्या, चेहरा धूसर केलेल्या पण नथ स्पष्ट दिसणाऱ्या हुपरीकर वहिनी म्हणजे 'गिरोह की सरगना'.

पोरांची कात्री कुठंच नव्हती. दिल्लीच्या शिकलेल्या माणसांनी कापलं होतं, पण नेमकं तेच. चार पोरं आणि एक शिंप्याची कात्री यात त्यांना काही दम वाटला नसावा. आम्ही त्यापेक्षा भारी होतो.

तेवढ्यात यांचा फोन वाजला, आणि यांचंच नाव पडद्यावरून घुमलं. 'उमाकांत, आप इस वक़्त घटनास्थल पर हैं?'

यांनी आमच्या स्वयंपाकघराकडं बघितलं. "जी," हे म्हणाले. "मैं घटनास्थल पर ही हूँ।"

'और वह दुल्हन? वह इस वक़्त कहाँ है?'

मी यांच्यासमोर उभी होते. हातात लसणाची गड्डी होती. आयुष्यात एक क्षण येतो, तेव्हा माणसानं ठरवायचं असतं. मी डोळ्यांनी सांगितलं, सांगा. सांगा, माझी बायको आहे, साखर आहे, संक्रांत आहे. सांगा, पोरं पण तसलीच आहेत, साधी.

यांनी घाम पुसला. "जी, दुल्हन... फ़रार है।"

गल्ली हादरली. सासूबाईंनी मात्र पदर खोचला आणि लेकाच्या हातातून फोन हिसकावून घेतला.

"ओ भाऊ! फरार कोन? सून है वो मेरी! इधर लसूण सोलती!" सासूबाईंचं हिंदी त्यांच्या हलव्यासारखंच होतं, सगळीकडनं काटे. "और हड्डी किसको बोलता रे? खसखस है वो! चार दिन चूल के सामने बैठी मैं! बोटं बघ माझी! तुझ्या आईनं कधी हलवा केला नाही का रे, मुडद्या?"

मग निवेदक भरल्या गळ्यानं म्हणाला, 'आप सुन सकते हैं, इस माँ की आवाज़ में कितना ख़ौफ़ है।' आणि जाहिरात लागली. ब्रेकनंतर पट्टी फिरत होती: 'दुल्हन की सास ने तोड़ी चुप्पी'.

दुसऱ्या दिवशी गावात जे झालं ते बघायला पाहिजे होतं. हुपरीकर वहिनी सकाळी सकाळी आमच्या दारात, मागे सगळ्या बायका. फौजदारीणबाई तर वाणाची वाटी पुरावा म्हणून घेऊन आल्या होत्या. दुपारी मोर्चा निघाला. आमच्या संस्कृतीची बदनामी करणाऱ्या चॅनेलचा धिक्कार असो! बायका ठरवून काळ्या साड्या नेसून आल्या होत्या. ज्या कापडवाल्यानं काळे टीशर्ट आत ठेवले होते, त्यानं काळ्या साड्या बाहेर टांगल्या. मोर्चाच्या पुढं, गालात मावा, हातात ध्वज, कोण असावं? आप्पा खोत. 'काळा रंग आमच्या परंपरेचा' असं ते चौकात माइकवरून गरजले. आणि तो सगळा मोर्चा शूट करत होते आमचे हे, 'करडी नजर'साठी. "परत एकदा घोषणा द्या," असं सांगत.

सोमवारी कमिटी बसलीच नाही. ज्यांची स्वतःची बायको टोळीची सरगना, ते प्राचार्य काळ्या कपड्यांवर काय बोलणार? बंदीची सूचना गुपचूप काढून घेतली. निनादचं नाव राहिलं. मी बातमी सांगायला धावत माहेरी गेले. या वेळी त्यानं दार उघडलं. मी त्याला पहिल्यांदाच तसं बघत होते. उरलेले केस न्हाव्याकडून सारखे करून आणले होते, कान मोठे दिसत होते, अगदी शाळेतल्यासारखे.

"नाव नाही काढणार, निन्या! सुटलास!"

"हं."

"अरे, हस की. सगळं गाव आता म्हणतंय काळ्यात काही वाईट नाही."

"तुझं बरं झालं, ताई," तो म्हणाला. रागानं नाही, अगदी सरळ. "तुझ्यासाठी मोर्चा निघाला."

तसंच होतं. आमची बदनामी एक संध्याकाळ चालली आणि गाव पेटून उठलं. पोरांची आठवडाभर चालली, आणि गावानं त्यांचे हात धरून ठेवले. बायकांचं काळं सौभाग्याचं, पोरांचं काळं सैतानाचं. शेडमध्ये काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. एकानंही, माझ्या घरातल्यानं तर नाहीच नाही, त्या चार पोरांना 'आमचं चुकलं' असं म्हटलं नाही.

त्यानं गिटार विकून टाकली. डिप्लोमा झाला, चाकणला नोकरीला लागला. केस परत येतात हे यांचं म्हणणं खरं होतं, पण त्यानं ते येऊ दिले नाहीत.

माझ्या मुलाच्या बोरन्हाणाला तो आला, मामा म्हणून. पोराला काळं झबलं घातलं होतं, गळ्यात आजीच्या हातचा हलव्याचा हार. बायका जमल्या, गल्लीतली पोरं खाऊ वेचायला गोल करून बसली. हे अर्थातच कॅमेऱ्यामागे. निनाद इस्त्रीच्या शर्टात, बारीक केसांत, कंपनीचं ओळखपत्र खिशात.

"बघा," हे कॅमेऱ्यामागून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचा मेहुणा. लागला की नाही लायनीला? त्या वेळी बातमी केली म्हणून. याला म्हणतात बातमीचा परिणाम."

निनाद नुसता बोरं बघत होता.

मी पोराच्या डोक्यावर पहिलं मूठभर ओतलं. चुरमुरे, बोरं, उसाचे करवे टपटपले. पोरानं आधी ओठ काढला, मग आ वासला आणि असं भोकाड पसरलं की बायकांनी कानांवर हात ठेवले. खोल, पोटातून, खर्जात. निनादनं मान वर केली. डोळे मोठे झाले. मग तो भाच्यासमोर उकिडवा बसला आणि कित्येक दिवसांनी त्याच्या नरड्यातून तो आवाज निघाला: "फलाट क्रमांक चाऽऽऽर!"

पोरगं रडायचं थांबलं. मामाकडं टक लावून बघितलं, आणि खदखदून हसलं. मामाही हसला, कान लाल करून.

"अरे, मस्त! मस्त!" हे कॅमेऱ्यामागून ओरडले. "निनाद, परत एकदा कर. तुझं तोंड फ्रेममध्ये आलं नाही."

निनादचं हसू तिथंच थांबलं. हात आपोआप डोक्यावर गेला. तेव्हा मला कळलं की तो शब्द मी एकटीनंच जपून ठेवला नव्हता.

मी सासूबाईंकडं बघितलं. त्यांनी बोरांची अख्खी परात माझ्याकडं सरकवली. मी ती उचलली, कॅमेऱ्यामागे गेले, आणि सगळी यांच्या डोक्यावर पालथी केली. बोरं, हरभरे, भुईमुगाच्या शेंगा, उसाचे करवे, हलवा. गल्लीतली पोरं आरडत यांच्या अंगावर तुटून पडली. कुणी खिशात हात घातला, कुणी कॉलरीत. हे "अगं, अगं" करत खाली बसले.

"मिळालं का?" मी विचारलं. "का परत एकदा करू?"

पहिला हसला तो निनाद. मग सासूबाई, मग सगळ्या. हे केसांतून उसाचा करवा काढत बसले होते. मान वर करून यांनी निनादकडं बघितलं. "नको," हे म्हणाले. "एकदाच पुरे होतं. तेव्हाही."

कॅमेरा चालूच राहिला होता. ती कॅसेट अजून आमच्या कपाटात आहे. तेवढी मात्र यांनी कुठं पाठवली नाही.